मधली जागा

आमच्या जुन्या अल्बममध्ये एक फोटो आहे. त्यात आई-बाबा आहेत, पण ते सांगावं लागतं. डावीकडचा पांढुरका आकार म्हणजे बाबा. उजवीकडे नारिंगी रंग पाण्यात विरघळावा तसा पसरलाय, ती आई. डोंबिवलीच्या आमच्या पुढच्या खोलीत दोघं शेजारी शेजारी उभी आहेत, पण मध्ये एक माणूस सहज मावेल एवढी जागा सोडून. त्या जागेतून मागची भिंत दिसते, आणि भिंतीवरचं ‘कालनिर्णय’ मात्र असं लख्ख आलंय की वरचा खिळासुद्धा दिसतो. फेब्रुवारी १९८०. लीप वर्षाची २९ तारीख. निळ्या बॉलपेननं गोल केलेले दुधाचे खाडे. एका चौकोनात आईच्या अक्षरात ‘गॅस’.

फोटो धुऊन आले तेव्हा बाबांनी हा फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि काही न बोलता आईकडे दिला. आईनं बाबांचं भिंग मागून घेतलं. मला वाटलं, स्वतःला शोधतेय. ती खाडे मोजत होती. “सहा आहेत,” ती म्हणाली, “भय्यानं चारच धरलेत.” कॅलेंडर समोरच्या भिंतीवर होतं, महिनाभर रोज तिच्या डोळ्यांसमोर होतं. पण ते फोटोत बघितल्यावर तिच्या लक्षात आलं.

फोटो मामानं काढला होता. मामा बोटीवर होता. आमच्या आजोळी, गुहागरच्या बाजूला, घरटी एक तरी माणूस मुंबईत नाहीतर बोटीवर असायचा. बोटीवरचा माणूस सुट्टीवर आला की त्याच्या बॅगेभोवती सगळं घर गोळा व्हायचं. त्या खेपेला बॅगेतून नायलॉनच्या साड्या, साबणाच्या वड्या आणि एक टॉर्च निघाली. सगळ्यात शेवटी टॉवेलमध्ये गुंडाळलेला हा कॅमेरा निघाला. कोबेला घेतला म्हणाला. कोनिका सी ३५ एएफ. सोबत साकुरा कलरचे तीन रोल.

बाबांकडे तोवर आग्फा क्लिक थ्री होता. वडोदऱ्यात बनणारा, १२० चा रोल घेणारा, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो देणारा. त्यात बाबा उटीचा ‘इंदू’ रोल घालायचे आणि एकेक फोटो पगारातून दिल्यासारखा काढायचे. माणसाला किती पावलांवर उभं करायचं, सूर्य कुठे हवा, हे सगळं ते स्वतः ठरवायचे. मामानं त्यांना सांगितलं, “भावोजी, ह्याच्यात काही बघायचं नाही. नुसतं दाबायचं. अंतर तो स्वतः मोजतो.” बाबांनी कॅमेरा फिरवून फिरवून पाहिला आणि परत दिला. “आणि चुकला तर?” एवढंच म्हणाले.

तो कॅमेरा आता माझ्याकडे आहे. काळा, साबणाच्या डबीपेक्षा थोडा मोठा, हातात घेतला की प्लॅस्टिकचा असूनही वजन लागणारा. पुढून बघितलं तर त्याला एक तोंड आणि तीन डोळे आहेत. मधला डोळा आपला, बघण्यासाठीचा. त्याच्या दोन बाजूंना दोन लहान काळ्या खिडक्या आहेत, त्या त्याच्या स्वतःच्या. आपण आपल्या खिडकीतून बघतो, तो त्याच्या दोन खिडक्यांतून बघतो, आणि फोटो निघतो तो खालच्या भिंगातून. त्या भिंगातून दोघांपैकी कुणीच बघत नसतं. कॅमेऱ्यांबद्दल मी पुष्कळ वाचलं, पण ही एक गोष्ट नीट समजायला मला फार वर्षं लागली. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं जग कायम स्वच्छच दिसतं. जवळचं स्वच्छ, लांबचं स्वच्छ, आई स्वच्छ, बाबा स्वच्छ, कॅलेंडर स्वच्छ. यातलं काय धूसर होणार आहे ते त्या वेळी कळायची सोय नाही. ते रोल धुऊन आल्यावरच कळायचं.

दोन खिडक्यांचं काम मात्र मोठं गमतीचं आहे. नाकासमोर अंगठा धरावा आणि आळीपाळीनं एकेक डोळा मिटावा, की अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. अंगठा जवळ, तर उडी मोठी. लांब, तर लहान. समोरच्या इमारतीवरच्या टाकीची उडी जवळजवळ नाहीच. या उडीवरून अंतर काढता येतं. रेंजफाइंडर म्हणतात तो हाच प्रकार. जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत दोन खिडक्यांतल्या दोन प्रतिमा माणूस हातानं रिंग फिरवून एकावर एक बसवायचा, त्या जुळल्या की फोकस झाला. कोनिकात ही जुळणी माणसाकडून काढून घेतली. खटका दाबला की भिंग सरकू लागतं, त्याच्यासोबत आत एक चिमुकला आरसा वळतो, आणि दोन्ही खिडक्यांतून आलेला उजेड दोन संवेदकांवर पडून त्यांची तुलना होत राहते. जिथे दोन चित्रं सगळ्यात जास्त जुळतात, तिथे भिंग अडवलं जातं. मग शटर. हे सगळं ‘किर्र-खट’ एवढ्या अवधीत. सगळा खटाटोप मोजणीदारासारखा त्रिकोणाचा आहे, फक्त साखळी न टाकता.

हा आतला मोजणीदार जपानी नव्हे. अमेरिकेतल्या हनीवेल कंपनीच्या नॉर्मन स्टॉफर नावाच्या इंजिनिअरनं तो घडवला. त्याचं नाव व्हिजिट्रॉनिक. हनीवेलनं तो भाग कॅमेरे करणाऱ्यांना देऊ केला, कोनिशिरोकू कंपनीनं तो आपल्या खपणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यात बसवला, आणि १९७७ च्या नोव्हेंबरात जगातला पहिला कारखान्यातून भराभर निघणारा, आपला आपण फोकस करणारा कॅमेरा दुकानात आला. कोनिशिरोकूची मुळं १८७३ पर्यंत मागे जातात. टोकियोतल्या एका औषधांच्या दुकानानं त्या वर्षी फोटोचं सामान विकायला सुरुवात केली होती. पुढे गंमत अशी झाली की या स्वयंचलित फोकसच्या पेटंटवरून हनीवेलनं मिनोल्टा कंपनीला कोर्टात खेचलं, आणि १९९२ मध्ये मिनोल्टानं १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजून ते प्रकरण मिटवलं. आणि २००३ मध्ये कोनिका आणि मिनोल्टा या दोघी एकाच घरात नांदायला गेल्या. एकीनं रीतसर परवानगी घेऊन आणलेली वस्तू, दुसरीनं तिच्यापायी भरलेला दंड. तीन वर्षांतच त्या घरानं कॅमेऱ्यांचा धंदाच सोडला. माझ्या लहानपणी गावोगावी ‘कोनिका’ची निळी पाटी असलेल्या लॅब होत्या, त्यांतली एखादी अजून कुठे दिसली तर आत झेरॉक्स आणि आधार कार्डाचं लॅमिनेशन चालू असतं.

जपानात या कॅमेऱ्याचं लाडकं नाव होतं ‘जस्पिन कोनिका’. आधीच्या फ्लॅशवाल्या भावाला ‘पिक्कारी’ म्हणत, लखकन चमकणारा. जस्पिनमधला ‘जस्’ इंग्रजांचा, आणि ‘पिन’ म्हणजे ‘पिंतो’, जपानीत फोकस. तो त्यांनी डच लोकांकडून घेतला. डचांचा शब्द ‘ब्रांडपुंट’, जळता बिंदू. भिंगाखाली कागद धरून तो पेटवलेल्या प्रत्येक पोराला हा शब्द बरोबर कळेल. आणि ‘फोकस’ हा मुळात लॅटिन, अर्थ चूल. केप्लरनं १६०४ मध्ये तो भूमितीत आणला. आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र ‘नाभी’ होती. नाभीय अंतर काढा, म्हणून गणितं असायची आणि मागच्या बाकावर खसखस पिकायची. चूल, जळता बिंदू, बेंबी. तिन्ही शब्द घरातल्या मधल्या जागेचे आहेत, किंवा अंगाच्या मधल्या. कॅमेऱ्यालाही तेवढंच ठाऊक आहे: मध्ये जे असेल ते. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एक बारकी खूण आहे, तिच्याखाली येईल त्याचं अंतर मोजायचं, बाकीचं जग त्याच्या हिशेबात नाही.

आणि आमच्या घरातली नवराबायको मधोमध कधी उभी राहिली नाहीत. म्हणजे फोटोच्या मधोमध ‘ती दोघं’ असायची, पण खुणेखाली असायची दोघांच्या मधली जागा.

मामाला हे कळलं नव्हतं असं नाही. कळलं, पण तीन रोल संपल्यावर. दुसऱ्या खेपेला आला तेव्हा तो प्रत्येक जोडप्याला “जरा जवळ सरका” म्हणायला लागला. त्यावर गुहागरच्या अंगणात किती तऱ्हेनं लोक लाजले, खोकले, पदर सारखा करत एक पाऊल सरकले आणि खटका दाबायच्या आत एक पाऊल परत गेले, ते त्या रोलमध्ये आहे. आजीच्या आणि आजोबांच्या मधून पोफळीचं खोड अप्रतिम आलंय. थोरल्या मामा-मामींच्या मधून विहिरीचा रहाट. पुढच्या काळातल्या कॅमेऱ्यांत खटका अर्धा दाबून धरला की फोकस तिथेच थांबतो, मग कॅमेरा हवा तिकडे वळवा. माझ्या कॅमेऱ्यात ही सोय नाही. दाबलं की दाबलं.

मला तो मिळाला मामा गेल्यावर. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत होता, त्याच टॉवेलमध्ये. मामी म्हणाली, “घेऊन जा गं बाई. इथे मीठ खाईल त्याला.” मिठानं खाल्लंच होतं. सेलच्या कप्प्यात हिरवट खडा धरलेला, मागच्या दाराच्या कडेचा फोम डांबरासारखा चिकट झालेला, आणि भिंगात बुरशीची एक नाजूक रांगोळी. मुंबईत बोरा बाजारात एक म्हातारे कारागीर कॅमेरे उघडतात. त्यांनी भिंगावर टॉर्च मारून बघितलं, “समुद्राकाठचा ना?” असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता उघडायला घेतला. आठवड्यानं परत दिला तेव्हा रांगोळी गेली होती, कडेला एक पुसट धागा राहिला होता. “तो राहू दे,” म्हणाले, “ओढला तर काचेचं कोटिंग येईल.” दाराच्या फोमचं काम मी घरी केलं. आईच्या विणकामाच्या पिशवीतली काळी लोकर खाचेत दाबून बसवली. तेव्हापासून या कॅमेऱ्यात उजेड शिरत नाही तो माझ्या एका अर्धवट राहिलेल्या स्वेटरमुळे.

वापरायला लागल्यावर त्याचे स्वभाव कळत गेले. चुन्याच्या कोऱ्या भिंतीसमोर तो गांगरतो. दोन्ही खिडक्यांत सारखंच पांढरं, जुळवायचं काय? त्याला चेहरा म्हणजे काय ते माहीत नाही. माझा फोन माणूस दिसला की तोंडाभोवती पिवळा चौकोन काढतो, हसला का बघतो, डोळे मिटले तर थांबतो. कोनिकाला फक्त काळ्या-पांढऱ्यातला फरक कळतो. ठळक आकडे छापलेलं कॅलेंडर म्हणजे त्याच्या दृष्टीनं पंचपक्वान्नाचं ताट, हे मला तेव्हा कळलं, आणि बाबांच्या चेहऱ्याऐवजी त्यानं फेब्रुवारी महिना का पसंत केला याचा रागही गेला. आडव्या रेघा त्याला कळत नाहीत. खिडक्या शेजारी शेजारी असल्यानं उडी आडवीच पडते, आणि आडवी रेघ आडवी सरकली तरी आहे तिथेच दिसते. घाटाच्या पायऱ्या काढायच्या तर कॅमेरा उभा धरावा लागतो. उलट काचेचं त्याला वावडं नाही, कारण तो बाहेर काही फेकून मोजत नाही, आलेल्या उजेडावरच भागवतो. इंद्रायणीच्या बंद खिडकीतून मी खंडाळ्याचा पाऊस काढलाय. हातभर अंतरावरचं काही त्याला मागू नये. आणि काळोखात तो सरळ आंधळा होतो.

फोटो धुवायला आता ठाण्यात एकच दुकान मला ठाऊक आहे, तिथे रोल दिला की तो बाहेर जातो, दहा-पंधरा दिवसांनी येतो. रोल हजाराच्या घरात, धुणं-स्कॅन वेगळं. हल्ली कॉलेजातली मुलं असले कॅमेरे गळ्यात घालून फिरतात म्हणून किमती वर गेल्यात, त्याबद्दल मला त्यांच्यावर थोडं रागवायचं असतं, पण मग ती दुकानं त्यांच्याच जिवावर चालू आहेत हे आठवतं.

गेल्या गणपतीत सगळे जुने अल्बम खाली काढले होते. कॅमेऱ्याचं सगळं गणित आता ठाऊक होतं, म्हणून मी आई-बाबांचे फोटो वेगळ्या नजरेनं चाळत होते, कुठला का चुकला ते बघत. फार थोडे चुकले होते. फेब्रुवारीचा तो एक, गुहागरचा एक, कुणाच्या तरी मुंजीतला एक. बाकी सगळे नीट होते. आई नीट, बाबा नीट, आईच्या बांगड्यांवरची नक्षी मोजता येईल इतके नीट. माझी खात्री होती की पुढे पुढे मामाचा हात बसला असणार. मग एकदम दिसलं. त्या सगळ्या फोटोंत मध्ये मी होते. दोन वेण्यांची, चार वर्षांनी एका वेणीची, दात पडलेली, फ्रॉकला मामानं आणलेलं जपानी बक्कल. फोटो काढायचा म्हटलं की दोघं ठरल्याप्रमाणे जागा सोडून उभी राहायची आणि मला तिथे ढकललं जायचं. खूण माझ्या फ्रॉकवर पडायची, आणि मी जेवढ्या अंतरावर तेवढ्याच अंतरावर तीही. फेब्रुवारी १९८० ला मी कुठे होते ते आईला विचारलं. “गोवर आला होता तुला,” ती म्हणाली, “आत झोपली होतीस.”

हे मी तिला समजावून सांगायला गेले. त्रिकोण, दोन खिडक्या, मधली जागा. तिनं शेंगा सोलता सोलता ऐकून घेतलं. “म्हणजे तू नसलीस की आम्ही धूसर, असंच ना?” ती म्हणाली आणि हसली, आणि मला पुढे काही बोलता आलं नाही.

दसऱ्याला रोलमध्ये दोन फोटो उरले होते. बाबा आता ब्याऐंशीचे, आई सत्याहत्तरची. दोघं गॅलरीत दोन खुर्च्या टाकून बसतात, रस्त्याकडे तोंड करून. मध्ये स्टुलावर त्यांचं दुकान मांडलेलं असतं: औषधांचा डबा, चष्म्याची केस, पाण्याचा तांब्या, शब्दकोड्याची घडी घातलेली पुरवणी. मी समोर उभी राहिले. तोंडात “जवळ सरका” आलं होतं, ते गिळलं. कॅमेरा डोळ्याला लावला तर खूण बरोबर औषधांच्या डब्यावर. सगळं स्वच्छ दिसत होतं, ते तर नेहमीचंच. बाबा म्हणाले, “उजेड पाठीमागून येतोय.” आई म्हणाली, “त्यांना सवय आहे, तू काढ.” किर्र-खट. लिव्हर ओढली आणि शेवटचाही तिथेच काढला.

फोटो दिवाळीच्या आधी आले. दोघंही नीट आली आहेत. बाबांच्या गालावर दाढी करताना राहून गेलेले खुंट दिसतात, आईच्या डाव्या भुवईवरचा व्रण दिसतो. आणि मध्ये तो डबा, झाकण उघडं, सोम-मंगळ-बुधचे कप्पे, पुढे गोळ्यांची एक पट्टी. मी छापून घेतलेला मोठा फोटो आईच्या हातात दिला. तिनं चष्मा बदलला, फोटो उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

“दसऱ्याची यांची रात्रीची गोळी राहिली की गं,” ती म्हणाली. “ही बघ. पट्टीत तशीच आहे.”

“फोटो दुपारचा आहे,” बाबा आतून म्हणाले.

“मग आदल्या दिवशीची.”

“घेतली होती मी.”

आईनं माझ्यापुढे हात केला. “तुझ्या बाबांचं ते भिंग कुठंय?”